ढालीचा चौथा खण

पनवेलला मी ज्या घरात नऊ वर्षं भाड्याने राहिले, त्या घराला कुरिअरवाले 'बॅडमिंटनवाल्यांचं घर' म्हणायचे. त्या घरात कधीही कुणी बॅडमिंटन खेळलं नव्हतं. घरमालक गुडघ्यांनी अधू, मालकीण साठीच्या पुढची, आणि मी शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. माझा खेळाशी संबंध क्रीडादिनाचा फलक रंगवण्यापुरता. पण फाटकावर जी पत्र्याची ढाल होती तिच्यात वरच्या बाजूला एक लांब दांड्याची, गोल, भोकाभोकांची वस्तू होती. ती मीच रंगवलेली असल्यामुळे ठामपणे सांगते, ती रॅकेट नव्हती. तो पुऱ्या तळायचा झारा होता. लष्करी झारा.

त्या ढालीपायी माझं डोकं जितकं फिरलं तितकं बी.एड.च्या परीक्षेतही फिरलं नव्हतं. आजही कुणी मला तिचा नीट अर्थ विचारला, तर मी अर्ध्या वाटेत अडखळते.

घरमालकांना सगळे सुभेदार म्हणत. पहिल्या दिवशी मी सामान घेऊन आले आणि सवयीने 'काका' म्हणाले, तर ते म्हणाले, "काका बाजारात भेटतात. इथे सुभेदार." त्यांच्या दाराला बेल नव्हती. बेल वाजवणारा माणूस कोण, कशाला आला, काही कळत नाही, म्हणून बेल ही गुप्तहेराची वस्तू आहे असं त्यांचं मत. दारावर तीन ठोके द्यायचे, मग नाव सांगायचं, मग काम, याच क्रमाने. सकाळी दूधवाला जिन्यात ओरडायचा, "ठक ठक ठक, दूधवाला, दूध!" पहिल्यांदा मला हसू आवरेना. महिन्याभरात मीही त्यांच्या दाराशी उभी राहून "पहिला मजला, टीचर, वाटीभर साखर!" असं मोठ्याने म्हणायला लागले. अख्खी गल्ली ऐकायची. लाज कोळून प्यायले होते मी.

जिन्याखाली एक काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी 'आजचा हुकूम' उमटायचा. पाणी साडेसहाला सुटेल. चपलांचं तोंड भिंतीकडे असावं. पहिल्या मजल्यावरील कुंडीतून पाणी गळते, कारवाई व्हावी. पहिल्या मजल्यावर मी एकटीच राहत होते, तरी माझं नाव कधी लिहिलं नाही. "हुकूम माणसाला नसतो, टीचर. जागेला असतो."

काकूंनी मात्र फळ्यावरचा एकही हुकूम पाळलेला मी पाहिला नाही. काकू म्हणजे त्यांची बायको, माहेर खाडीकाठच्या गव्हाणचं, चार बुकं शिकलेली. त्यांना वर्तमानपत्र वाचता यायचं, फळा तेवढा वाचता यायचा नाही. "काय लिवलाय गो बाय त्यांनी?" असं मलाच विचारायच्या, आणि मी सांगितलं की "हां" म्हणून नेमकं उलटं करायच्या.

तर ढाल. ढालीचं मूळ एका कर्नलसाहेबांच्या दिवाणखान्यात होतं. सुभेदार टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या पलटणीत होते. डोंगरावर तार टाकायची, तुटली की शोधत जायचं आणि जोडायची. ऐन तारुण्यात, नाईक असताना, त्यांना त्या साहेबांचा बंगल्यावरचा टेलिफोन दुरुस्त करायला पाठवलं. तिथे भिंतीवर घराण्याची ढाल होती. दोन सिंह, मध्ये तलवार, खाली कमळ. साहेब मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी समजावून सांगितलं, सिंह म्हणजे शौर्य, तलवार म्हणजे कर्तव्य, कमळ म्हणजे निर्मळ मन.

आमच्या सुभेदारांनी विचारलं, "साहेब, आपल्या आजोबांनी सिंह मारला होता?"

"नाही."

"पाळला होता?"

साहेब इतके हसले म्हणे, की चहा सांडला. आणि जाताना ढाली कशा करतात त्याचं एक जुनं पुस्तक या नाईकाच्या हातात ठेवलं. पुस्तक इंग्रजी. सुभेदारांचं इंग्रजी सही करण्यापुरतं. मग त्यांनी ते तीस वर्षं जो भेटेल त्याच्याकडून एकेक पान वाचून घेतलं. एक पान डॉक्टरने सांगितलं, एक बँकेतल्या क्लार्कने, एक रेल्वेत शेजारी बसलेल्या कुणी. दर पानाची समजूत वेगळी. त्या सगळ्या समजुती डोक्यात एकत्र घेऊन ते माझ्या दाराशी आले, तीन ठोके दिले आणि म्हणाले, "तळमजला, सुभेदार, चित्र."

त्यांना घराण्याची ढाल हवी होती. अट एकच. "खोटं जनावर लावायचं नाही. आपल्याकडे जे होतं तेच."

ढालीला चार खण. पहिला त्यांच्या आजोबांचा. गव्हाणच्या बाजूला मिठागरात राबणारा माणूस इंग्रजांच्या वेळी भरती झाला आणि थेट बसऱ्याला खेचरं हाकायला गेला. दुसरा खण वडिलांचा, ते पलटणीचे आचारी. तिसरा त्यांचा स्वतःचा, तारेचं वेटोळं. आणि चौथा त्यांच्या मुलाचा.

मुलगा मी पाहिलेला नाही. मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी तो गेला. भिंतीवर वर्दीतला फोटो होता. कान जरा पुढे आलेले, हसू दाबून धरलेलं. भरती होऊन चौदा महिने झाले होते, पहिल्या रजेवर घरी आला होता. मोटरसायकल घेऊन फिरायला गेला, उरण रोडला कंटेनरच्या ट्रेलरखाली आला. सुभेदारांनी मला हे इतकंच सांगितलं, उभ्या उभ्या, हात पाठीमागे बांधून. मग म्हणाले, "चौथ्या खणात काय, ते ठरायचंय. बाकीचे सुरू करा."

सुरू केले. खेचर काढलं. त्यांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, "घोडा आहे." कान वाढवले. "आता गाढव." अहो, सोलापूरकडची बाई मी, बैल म्हणाल तर डोळे मिटून काढीन. चार वेळा कागद फाडला. शेवटी ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी स्वतःची मान खाली घालून, खालचा ओठ लोंबता सोडून मला खेचर करून दाखवलं. काकू दारातून बघत होत्या. "आता कसा बरोबर दिसतो," म्हणाल्या. खेचर त्यावरून जमलं.

पण अर्थ काही जमेना. मला वाटायचं, चित्र काढायचं तर त्याचा अर्थ कळला पाहिजे. विचारलं तर सोमवारी म्हणाले, "खेचर म्हणजे वेळेवर पोचणं." शनिवारी म्हणाले, "खेचर म्हणजे तोंड बंद ठेवणं." पुढच्या आठवड्यात, "खेचर म्हणजे ओझं कुणाचं ते न विचारणं." मी वैतागले. म्हटलं, "सुभेदार, काय ते एक ठरवा. त्या कर्नलसाहेबांचा सिंह कसा, सिंह म्हणजे शौर्य, विषय संपला."

"तुम्ही तुमच्या आजोबांचं एका शब्दात सांगा," ते म्हणाले, "मी खेचराचं सांगतो."

माझे आजोबा तापट होते, प्रेमळ होते, दोन वेळा घर सोडून गेले आणि दोन्ही वेळा भाजी घेऊन परत आले. मी खोडरबर उचललं.

आणि तो उजव्या-डाव्याचा घोळ! ढालीची उजवी बाजू म्हणजे बघणाऱ्याची उजवी नव्हे. ढाल धरणाऱ्याची उजवी. म्हणजे समोरून बघणाऱ्याला ती डावी. पुस्तकातल्या या एका गोष्टीवर, काय योगायोग असेल तो असो, डॉक्टर, क्लार्क आणि रेल्वेतला माणूस या तिघांचंही एकमत झालं होतं, त्यामुळे सुभेदार तिला धरून बसले होते. मी पहिला कच्चा आराखडा उलटा काढला. मग अंगणात माझी कवायत झाली. काकूंची परात माझ्या छातीशी धरायला लावली. "तुमचा उजवा हात कुठे? तीच ढालीची उजवी. समोरच्याला काय दिसतं, त्याच्याशी ढालीला घेणं नाही." मी परात धरून उभी, समोर हे काठी घेऊन. "आजा?" मी वर उजवीकडे बोट लावायचं. "बाप?" वर डावीकडे. "मी?" खाली उजवीकडे. "पोरगा?" खाली डावीकडे.

रस्त्यावरून माझ्या शाळेतल्या दोन पालक बायका चालल्या होत्या. त्यांनी मला नमस्कार केला. मी परात धरूनच मान हलवली.

काकू बाजूला पाटावर वाल सोलत बसल्या होत्या. "मना पन पाठ झालाय," म्हणाल्या. "समोरून बघला तं खाली डावा यांचा, उजवा माज्या पोराचा. तुला कसा कलत नाय गो?" खरंच, त्यांना कळत होतं आणि मला कळत नव्हतं.

पण हसण्याचा भाग एवढाच. चौथ्या खणावरून त्या घरात दोन वर्षं शांतता नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात. तिथल्या मंडळाला त्या चौकाला मुलाचं नाव द्यायचं होतं, आधी 'शहीद' लावून. मंडळाचे अध्यक्ष पांढऱ्या शर्टात यायचे, नम्रपणे बसायचे. सुभेदार एकच सांगायचे, "लिहा: जवान. मृत्यू अपघाती. रजेवर."

"सुभेदार, असं कोण लिहितं बोर्डावर?"

"मग लिहू नका."

अध्यक्ष गेले की आत भांडं आपटायचं. काकूंचं म्हणणं साधं होतं. लोकांची पोरं रस्त्यावर रोज मरतात, कुणी नाव घेत नाही. आपल्याला कुणी मान देतंय तर घ्यावा. "तुमचा काय जातं? येता-जाता चार मानसा त्याचा नाव घेतील. तेवडा पन नाय मना?" हे बोलताना त्यांचा आवाज असा चिरायचा की मी उठून माझ्या खोलीत जायचे.

आणि सुभेदारांचंही ऐकलं की तेच खरं वाटायचं. "टीचर, माझ्या डोळ्यांदेखत तार जोडताना गेलेली माणसं आहेत. खांबावरच गेलेली. त्यांच्या रांगेत मी माझा पोरगा मध्येच घुसवू? त्यांच्या आया मला विचारतील ना." मी काकूंजवळ बसले की काकूंची, सुभेदारांजवळ बसले की सुभेदारांची. जो शेवटी बोलला त्याचं मला पटायचं. अशा माणसाचा घरात काही उपयोग नसतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

शेवटी शेवटी दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. मधे मी. "टीचर, त्यांना सांग, चा निवतोय." "टीचर, कळवा, येतोय." दोघांत चार हातांचं अंतर असायचं.

चौथ्या खणासाठी मी काय काय सुचवलं! बंदूक. "ती सगळ्यांनाच देतात." ध्वज. "तो देशाचा. आपल्या खणात कसा मावेल?" त्याचे बूट. काहीच पसंत पडेना. एक दिवस ते जिन्यात माझ्याजवळ थांबले. त्या दिवशी तीन ठोके नाहीत, काही नाही. म्हणाले, "पोरानं फौजेत अजून काही केलंच नव्हतं, टीचर. वेळच नाही मिळाला त्याला." मला रडू आलं आणि मी उगाच जिन्याचा कठडा पुसत राहिले.

मग त्यांनी ठरवलं, खण रिकामा ठेवायचा. पांढरा. हे कळल्यावर काकू मला म्हणाल्या, "रिकामा? म्हंजे माजा पोर झालाच नव्हता, असा?" हे मात्र मी सुभेदारांना सांगितलं नाही. काय सांगणार?

दसऱ्याला ढाल फाटकावर लावायची होती. पत्रा कापून आणला, मी गच्चीवर आडवा टाकून रंगवायला बसले. वरचे दोन खण सकाळी झाले, खेचर आणि झारा, अगदी जागच्या जागी. उन्हं अंगावर आली तशी मी उठून पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला, टाकीच्या सावलीत जाऊन बसले. राहिलं होतं ते तारेचं वेटोळं. वेटोळं गोल, ते उलट बाजूने काढलं काय आणि सुलट काढलं काय, सारखंच. खेचर असतं तर पाय वर झाले असते आणि चूक तिथल्या तिथे दिसली असती. मी मन लावून वेटोळं रंगवलं आणि वाळायला ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी सुभेदारांनी वर्दीवरची पदकं साध्या सदऱ्यावर लावली. शिडी आली. ढालीवर पंचा टाकलेला. फाटकावर ती चढली, चार बोल्ट आवळले गेले, आणि त्यांनी मला म्हटलं, "काकूंना बोलवा." काकू आल्या. सुभेदारांनी पंचा ओढला.

काकू ढालीकडे बघत राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी रिकाम्या खणावर बोट ठेवलं. खाली, समोरून डावीकडे.

"ह्यो कोनाचा?"

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या थेट त्यांच्याशी बोलल्या होत्या. सुभेदार सवयीने म्हणाले, "तिसरा. माझा." आणि तिथेच थांबले.

"आनि तार हाय तो?"

कपाळ माझं! बाजू बदलून बसले आणि बापाचं वेटोळं मुलाच्या खणात काढून ठेवलं. मुलाच्या जागी बाप, आणि बापाची जागा पांढरी. मी म्हटलं, "चुकलं माझं, मी आत्ता उतरवते—"

"काय चुकला नाय तुजा," काकू म्हणाल्या. "बरोबर काढलायस. ह्यांचाच खन रिकामा पायजे होता. ह्यांनी जायाला पायजे होता त्या दिवशी. पोराला कशाला पाठवलात?"

शिडी धरायला आलेला रिक्षावाला शेजारी मान खाली घालून उभा राहिला. सुभेदार म्हणाले, "आत चल."

"नाय येत. टीचरला सांगा. फिराला गेलेला म्हनता ना सगल्यांना? फिराला गेलेला माजा पोर?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "गो बाय, दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती. दमून झोपलेला. ह्यांना जिताडा खायाचा होता. गव्हानला जा, ताजा मिलेल, बोलले. पोर बोलला, बाबा, पुढच्या रजेला. ह्ये बोलले, हुकूम हाय. उठला तो. हसला, ह्यांना सलाम ठोकला नि गेला."

जिताडा हा खाडीतला मासा. त्या घरात मासळी शिजत नव्हती. मी, शाकाहारी बया, इतकी वर्षं समजत होते की ते माझ्या सोयीसाठी.

काकूंचा आवाज खाली आला. "फौजेत हुकमानं गेलेला मानूस मेला तं त्याला काय म्हनतात? तुमी सांगा. रजेवर म्हनतात?"

सुभेदारांनी सगळं आयुष्य खोटं जनावर नको म्हणून काढलं. कर्नलला तोंडावर विचारलं. मंडळाला परत पाठवलं. आणि त्यांच्या तोंडून गेली कित्येक वर्षं एकच खोटा शब्द निघत होता, 'फिरायला'. तो त्यांनी इतका नीट सांभाळला होता की मलाच काय, कुणालाच संशय आला नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. पदकं लावलेला तो माणूस फाटकाचा गज धरून उभा होता, आणि एरवी फौजी मराठी बोलणारा गावच्या बोलीत पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "नाय गो. नाय. नाय गो."

ढाल मी त्याच दिवशी उतरवली आणि माझ्या पलंगाखाली सरकवली. फळा आठ दिवस कोरा राहिला. पाणी कधी सुटणार ते कळेना, सगळं घर घागरी भरून ठेवायला लागलं.

नवव्या दिवशी ते माझ्या दाराशी आले. ठोके नाहीत, मजला नाही, नुसते उभे. "मासा काढता येतो?"

"येतो की," मी म्हटलं, आणि शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवते तसा मासा काढून दाखवला. त्यांनी मान हलवली. "हा कुणाचाच नाही. जिताडा पाहिजे."

मग आम्ही दोघं मासळी बाजारात गेलो. मी नाकाला पदर लावलेला. कोळणींच्या ओळीशी आल्यावर ते थबकले. एकीने ओळखलं. "सुभेदार! किती वर्सांनी! घेता काय?" ते म्हणाले, "नाही. नुसता दाखव." तिने वजनदार मासा दोन्ही हातांनी वर धरला. सुभेदारांनी तो काठीने दाखवला, लांबूनच. "डोक्याच्या वर बघा, खोलगट. मग पाठ वर चढते. तोंड मोठं. शेपूट गोल, चिरलेली नाही." मी वहीत काढत होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "खाली डावीकडे. ढालीच्या. नीट काढा या वेळी."

मी विचारलं, "याचा अर्थ काय सांगायचा, कुणी विचारलं तर?" मूर्खपणा माझा. सवय. एका खेचराचे सतरा अर्थ सांगणाऱ्या माणसाने या एकाचा अर्थ सांगितला नाही.

परत येताना ते वाटेत थांबले आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या दुकानात शिरले. मी बाहेर उभी. आतून ऐकू आलं, "तो फिरायला गेला नव्हता. मी पाठवला होता, माझ्या कामाला. आता तुम्हाला बोर्डावर काय लिहायचं ते लिहा. मी मध्ये येणार नाही." अध्यक्षांना काही बोध झाला असेल असं वाटत नाही. ते हो हो म्हणाले.

पण संध्याकाळी अध्यक्ष बोर्डाचा मजकूर घेऊन आले तेव्हा काकूंनीच त्यांना दारातून परत पाठवलं. "बोर्ड नको आता," म्हणाल्या. त्यांनी तो का परत पाठवला, ते मी विचारलं नाही. दोन वर्षं ज्याच्यासाठी भांडल्या तो हातात आला तर नको. मला काही कळेना, आणि त्या घरात न कळण्याची मला आता सवय झाली होती.

ढाल दुसऱ्यांदा लावली तेव्हा सण नव्हता, साधा बुधवार होता. पदकं नव्हती. तारेचं वेटोळं खाली समोरून डावीकडे, जिताडा उजवीकडे, बापाच्या शेजारी मुलगा. मी तीन तीन वेळा तपासलं होतं. परात धरूनही तपासलं होतं.

शेजारच्या आजी काठी टेकत बघायला आल्या. खेचराला घोडा म्हणाल्या. झाऱ्याला रॅकेट म्हणाल्या. वेटोळ्याला डासांची उदबत्ती म्हणाल्या. एरवी सुभेदारांनी त्यांना उन्हात उभं करून अर्धा तास समजावलं असतं. त्या दिवशी नुसते हं हं म्हणत होते. मग आजींनी विचारलं, "आनि मासा कशाला गो?"

सुभेदारांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी काकू म्हणाल्या, "ह्यांना आवडतो."

आजी समाधानाने गेल्या. आम्ही तिघं तिथेच उभे. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टीचर, आज आमच्याकडं जेव. तुज्यासाठी वालाचं बिरडं केलाय." त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी पन चला."

आत गेलो तेव्हा वास आला आणि सुभेदार उंबऱ्यातच थांबले. सकाळी लवकर काकू एकट्या बाजारात गेल्या होत्या, पोत्याच्या पिशवीतून मासा आणला होता, आम्हा दोघांना पत्ता नव्हता. पाट मांडलेले होते. मला बिरडं-भात वाढलं. त्यांच्या ताटात भात, आणि भातावर कालवणातला जिताड्याचा मधला तुकडा.

सुभेदार ताटाशी बसले आणि हात मांडीवरच ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता हे उठणार. मला हेही वाटलं, की ही बाई त्यांना शिक्षा करतेय. आणि मग काकूंचा चेहरा बघितला तर तसंही वाटेना. कुठं बघावं ते कळेना, म्हणून मी बिरड्यातले वाल मोजत राहिले.

"खावा," काकू म्हणाल्या. "निवेल."

त्यांनी पहिला घास घेतला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. काटे काढून ताटाच्या कडेला एका रांगेत ठेवत ते सावकाश जेवले. तुकडा संपला. काकूंनी काही न विचारता दुसरा वाढला.